बर्फाची गाणी आणि घामाघूम कवी

अमेरिकेत दोन प्रकारचा बर्फ पडतो. एक गाण्यातला आणि एक दारातला. गाण्यातला बर्फ अलगद पडतो, तो काचेच्या आतून पाहायचा असतो, खोलीत शेकोटी पेटलेली असते आणि शेकोटीशेजारी बसलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं नसतं. दारातला बर्फ रात्री चोरपावलांनी पडतो. पहाटे उठून, कानटोपी चढवून, फावड्याने तो उपसून कडेला लावावा, कमरेला हात देऊन सरळ उभं राहावं, तेवढ्यात रस्ता साफ करणारी अजस्र गाडी येते आणि सबंध गल्लीचा बर्फ आपल्या दारात लोटून निघून जाते. या दुसऱ्या बर्फावर अजून कोणी गाणं रचलेलं नाही. पहिल्यावर मात्र इतकी आहेत की न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसाला नोव्हेंबर-डिसेंबरात ती टाळता येत नाहीत.

टाळून टाळणार कुठे? थँक्सगिव्हिंगची उरलेली टर्की फ्रीजमधून संपायच्या आत काही रेडिओ केंद्रं बाकीचं सगळं गुंडाळून चोवीस तास नाताळचीच गाणी लावतात. १ नोव्हेंबर उजाडला की गायिका मारिया कॅरी स्वतःच ‘वेळ झाली’ असं जाहीर करते. किराणा दुकानात तीच गाणी, लिफ्टमध्ये तीच, फोनवर ताटकळत ठेवलं तरी तीच. दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासून पडलेलो असताना, ड्रिल सुरू झाल्याबरोबर छतातून ‘जॉय टु द वर्ल्ड’ सुरू झालेलं मी ऐकलं आहे. जगाला आनंद झालाही असेल. त्या क्षणी माझी दाढ जगात मोडत नव्हती.

तरीही ही गाणी मी कधी नीट ऐकली नव्हती. ती ऐकायला लावली आईने. आईवडिलांना अमेरिकेत उन्हाळ्यातच बोलवायचं हा इथल्या मराठी घरांचा अलिखित नियम आहे. पण भाच्याची मुंज, दिवाळी आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन यांच्यामधून जी फट सापडली, तिच्यात नेमका डिसेंबर आला. आई नगरची, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. नोकरी सुटली, तपासणी सुटली नाही. समोर आलेला कोणताही मजकूर ती मनातल्या मनात लाल पेन काढून वाचते. गाण्यातले अमेरिकन उच्चार तिला पकडता येत नसत. म्हणून नातीने गाण्याचा सारांश सांगायचा आणि आजीने दहापैकी गुण द्यायचे, असा आमच्या घरात परिपाठ पडला.

पहिला नंबर अर्थातच ‘जिंगल बेल्स’चा. आईने सारांश ऐकून घेतला आणि विचारलं, “यात येशूबाळ कुठे आला?”

कुठेच नाही. येशू नाही, सांता नाही, नाताळही नाही. जेम्स पिअरपॉन्ट नावाच्या गृहस्थाने हे गाणं १८५७ साली बॉस्टनमध्ये छापलं, म्हणजे आपल्याकडे अगदी वेगळीच धामधूम चालू होती तेव्हा. त्यात एक तरुण एका घोड्याच्या घसरगाडीतून एका मुलीला फिरवायला नेतो, गाडी बर्फाच्या ढिगात घुसून उलटते, आणि पुढच्या एका कडव्यात तो स्वतः उताणा पडतो तेव्हा शेजारून जाणारा एक सद्गृहस्थ त्याला हसून निघून जातो. तात्पर्य असं की वय आहे तोवर वेगवान घोडा बघा आणि मुलींना घेऊन हिंडा. “आणि हे बालवाडीत शिकवतात?” आईने चष्मा काढून विचारलं. शिकवतात. हे गाणं आपल्याच गावात जन्मलं असं मॅसॅच्युसेट्समधलं मेडफर्ड म्हणतं आणि जॉर्जियातलं सवाना म्हणतं. दोन्हीकडे तशी पाटी लावलेली आहे. १६ डिसेंबर १९६५ रोजी जेमिनी ६ मधल्या वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड या अंतराळवीरांनी, आपल्याला एक अनोळखी यान दिसतंय असं खालच्या लोकांना गंभीरपणे कळवून, चोरून वर नेलेल्या माउथ ऑर्गन आणि घुंगरांवर हेच वाजवलं. अंतराळात वाद्यांवर वाजलेलं पहिलं संगीत ते हे. बँकसम्राट जे. पी. मॉर्गन हा पिअरपॉन्टचा सख्खा भाचा. मामाने गाणं लिहिलं, पैसा भाच्याने केला.

गुण चार. त्यातले दोन अंतराळवीरांचे.

‘सांता क्लॉज इज कमिंग टू टाउन’ हे १९३४ चं गाणं. त्यातला सांता मुलं झोपलेली असताना पाहतो, जागी असताना पाहतो, कोण गुणी आणि कोण वात्रट याची वही ठेवतो आणि वही दोनदा तपासतो. “म्हणजे चित्रगुप्त,” आई म्हणाली, “फक्त लाल कपड्यातला.” वही दोनदा तपासण्याची शिस्त तिला मनापासून आवडली. आठ गुण.

रुडॉल्फ या लाल नाकाच्या रेनडिअरला मात्र तिने चांगलंच झोडपलं. रुडॉल्फ जन्मला तोच एका दुकानात. शिकागोच्या मॉन्टगोमेरी वॉर्ड या दुकानासाठी १९३९ साली रॉबर्ट मे या नोकरदाराने गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायची पुस्तिका लिहिली, आणि पुढे त्याचा मेहुणा जॉनी मार्क्स याने तिचं गाणं केलं. १९४९ साली जीन ऑट्रीने ते गायलं. कथा अशी की बाकीचे रेनडिअर रुडॉल्फच्या नाकाला हसतात, त्याला खेळात घेत नाहीत. मग एका धुक्याच्या रात्री सांताला त्या उजेड देणाऱ्या नाकाची गरज पडते, आणि त्यानंतर सगळे एकदम त्याच्यावर प्रेम करू लागतात. “कामापुरता मामा,” आईने निकाल दिला. “धुकं नसतं तर? चिडवणाऱ्यांना कोणी शिक्षा केली का?” नात म्हणाली, नाही. “मग त्या शाळेचं व्यवस्थापन ढिलं आहे.” तीन गुण.

‘द ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस’ १७८० च्या सुमाराला इंग्लंडात पहिल्यांदा छापलं गेलं. त्यात एक प्रियकर बारा दिवस भेटी पाठवतो. रोज नवी भेट, शिवाय आदल्या सगळ्या दिवसांच्या भेटी पुन्हा. आईने पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. एकूण नग ३६४. त्यात तितर, पारवे, कोंबड्या, गाणारे पक्षी, बदकांचे मोठे भाऊबंद आणि हंस मिळून १८४ पक्षी. “एवढे ठेवायचे कुठे त्या पोरीने? दाणापाणी कोण करणार? आणि घाण?” पाचव्या दिवसापासून रोज पाच सोन्याच्या अंगठ्या येतात, म्हणजे एकूण ४०, हे कळल्यावर मात्र ती जरा थांबली. “चाळीस का? मग पक्ष्यांचं बघता येईल काहीतरी.” सात गुण.

मग आली घरगुती गाणी. १९५२ साली जिमी बॉइड या १३ वर्षांच्या मुलाने गायलेल्या गाण्यात एक पोरगं रात्री जिना उतरून खाली येतं आणि आई सांताचा मुका घेताना पाहतं. सांताच्या दाढीत बाबाच असतात हे पोराला ठाऊक नाही, ऐकणाऱ्याला ठाऊक. नातीने हे सगळं घाईघाईने समजावलं. “कळलं मला,” आई म्हणाली, “पण मुलं झोपल्याची खात्री आधी करून घ्यायची असते.” ‘बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड’मध्ये रात्री घरी निघालेल्या पाहुणीला यजमान थंडीची सबब सांगून थांबवत राहतो. फ्रँक लेसरने हे गाणं १९४४ साली खास मित्रमंडळींपुरतं लिहिलं. तो आणि त्याची बायको मेजवान्यांत जोडीने ते गात. पुढे त्याने ते चित्रपट कंपनीला विकलं तेव्हा बायको चांगलीच फुरंगटली. २०१८ साली काही रेडिओ केंद्रांनी ते लावायचं बंद केलं आणि त्यावर देशभर वाद झाला. आईने तो दोन वाक्यांत मिटवला असता. “ती निघते म्हणतेय ना? मग कोट द्या, टोपी द्या आणि गाडीपर्यंत सोडून या!”

पण खरा प्रसंग ओढवला तो १९७९ च्या ‘ग्रँडमा गॉट रन ओव्हर बाय अ रेनडिअर’मुळे. गाणं गाडीत लागलं आणि नात सारांश सांगायला तयार होईना. अखेर मलाच सांगावं लागलं. नाताळच्या आदल्या रात्री आजीला थोडी जास्त झालेली असते, ती विसरलेलं औषध आणायला बर्फात बाहेर पडते आणि सांताच्या रेनडिअरखाली सापडते. सकाळी तिच्या अंगावर खुरांचे ठसे मिळतात. आजोबा टीव्हीवर फुटबॉल बघत, बिअर पीत, पत्ते खेळत बसतात. घरच्यांना पेच पडतो तो एवढाच, की आजीसाठी आणलेल्या भेटी उघडायच्या की दुकानात परत करायच्या.

आई बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, “घरात एवढी माणसं, आणि औषध आणायला म्हातारीनेच जायचं?” पिण्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. आमच्या मागच्या अंगणात संध्याकाळी हरणं येतात. तोवर आई त्यांना कौतुकाने सफरचंदाच्या साली घालत असे. त्या दिवसापासून साली कचऱ्याच्या डब्यात जाऊ लागल्या.

या तपासणीची लागण मलाही झाली. गाणी कोणी लिहिली, कुठे लिहिली, हे शोधता शोधता जे हाती आलं त्याने मी उडालोच. बर्फाची ही गाणी ज्यांनी लिहिली, ते लिहिताना बर्फात नव्हतेच! ‘लेट इट स्नो’ सॅमी कान आणि जूल स्टाइन यांनी १९४५ च्या जुलैत हॉलिवूडमध्ये लिहिलं. अंगाची काहिली होत होती, म्हणून. शेकोटीवर भाजणाऱ्या चेस्टनटांचं, नॅट किंग कोलच्या आवाजातलं ते मखमली ‘ख्रिसमस साँग’ही त्याच वर्षीच्या कॅलिफोर्नियातल्या उन्हाळ्यातलं. बॉब वेल्सने निव्वळ गारवा वाटावा म्हणून हिवाळ्याच्या चार ओळी खरडल्या होत्या, मेल टॉर्मेने त्या पाहिल्या आणि दोघांनी मिळून गाणं पुरं केलं. लेरॉय अँडरसनला ‘स्ले राइड’ची धून सुचली ती १९४६ च्या जुलैत, उष्णतेची लाट चालू असताना. ज्यांना फावडं मारावं लागतं त्यांना बर्फावर गाणी सुचत नाहीत, हा माझा जुना संशय आता पुराव्यानिशी सिद्ध झाला आहे.

दुसरी गंमत याहून मोठी. कान, स्टाइन, टॉर्मे, वेल्स आणि रुडॉल्फवाला मार्क्स हे सगळे ज्यू. त्यांच्या पंचांगात नाताळ नाही. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. ‘बैजू बावरा’तलं (१९५२) सगळ्यात गाजलेलं भजन शकील बदायुनींनी लिहिलं, नौशादनी बांधलं आणि महंमद रफींनी गायलं. दुसऱ्याच्या सणाकडे माणूस जरा लांबून बघतो आणि लांबून सगळंच सुंदर दिसतं. घरच्या माणसाला सणाच्या दिवशी भांडी घासायची असतात.

या मंडळींचा मेरुमणी म्हणजे अर्व्हिंग बर्लिन. १८८८ साली रशियन साम्राज्यात जन्मलेला, पाच वर्षांचा असताना कुटुंबाबरोबर न्यूयॉर्कला आलेला, आणि ‘व्हाइट ख्रिसमस’ लिहिणारा. या गाण्याचं मूळचं पहिलं कडवं सहसा कोणी गात नाही. त्यात नायक बेव्हर्ली हिल्समध्ये आहे, ऊन पडलंय, भोवती संत्र्यांची आणि ताडाची झाडं आहेत, आणि त्याला उत्तरेतल्या बर्फाची आठवण येते. म्हणजे हे बर्फाचं गाणंच नव्हे, घर सोडून आलेल्या माणसाचं गाणं आहे. बिंग क्रॉस्बीने ते २५ डिसेंबर १९४१ ला रेडिओवर पहिल्यांदा गायलं. पर्ल हार्बरला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. पुढे पॅसिफिकमधल्या दमट बेटांवर बसलेले सैनिक सैन्याच्या रेडिओकडे त्याचीच फर्माईश करू लागले. त्या तबकडीच्या ५ कोटी प्रती खपल्याचा अंदाज आहे आणि गिनीजच्या नोंदीत ती जगात सर्वाधिक खपलेली ठरली. मूळ ध्वनिमुद्रण वापरून वापरून इतकं झिजलं की १९४७ साली क्रॉस्बीला ते पुन्हा गावं लागलं. ऑस्करच्या रात्री पाकीट फोडायला उभा होता खुद्द बर्लिन. त्याने स्वतःचंच नाव वाचलं आणि स्वतःलाच बक्षीस दिलं. आपल्याकडची कित्येक साहित्यिक बक्षिसं अशीच दिली जातात, पण इतक्या उघडपणे नाही. आणि १९७५ च्या एप्रिलअखेर अमेरिकन लोक सायगॉन सोडून पळाले, तेव्हा निघायचा ठरलेला इशारा काय होता? रेडिओवर सांगायचं की शहरात १०५ अंश फॅरनहाइट तापमान आहे आणि ते वाढतंय, आणि पाठोपाठ ‘व्हाइट ख्रिसमस’ लावायचं. उकाड्यात जन्मलेलं गाणं उकाड्यातच कामाला आलं.

तरुणांच्या गाण्यांत बर्फ कमी, विरह जास्त. ‘लास्ट ख्रिसमस’मध्ये नायकाने मागच्या नाताळला हृदय देऊ केलं आणि दुसऱ्याच दिवशी ते त्याच्या हातात परत आलं. “पावती ठेवली असेल,” आई म्हणाली. जॉर्ज मायकेलने हे गाणं १९८४ च्या ऑगस्टमध्ये, स्टुडिओला नाताळच्या माळा लावून ध्वनिमुद्रित केलं. त्या वर्षी ते ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर अडलं, कारण पहिल्या क्रमांकावर इथिओपियातल्या दुष्काळासाठी केलेलं गाणं होतं, आणि त्यातही हाच गायला होता. माणूस स्वतःच्याच आड आला. २०१६ च्या २५ डिसेंबरला तो गेला आणि गाणं ब्रिटनमध्ये पहिलं आलं ते २०२१ च्या १ जानेवारीला. आता तर १ ते २४ डिसेंबर हे गाणं कानावर पडू न देण्याचा ‘व्हॅमागेडन’ नावाचा खेळच निघाला आहे. तो खेळणारे लोक महिनाभर दुकानाच्या दाराशी कान टवकारून उभे असतात.

उशिराचा विक्रम मात्र ब्रेंडा ली हिचा. ‘रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री’ तिने १९५८ साली, वयाच्या १३व्या वर्षी गायलं. अमेरिकेच्या यादीत ते पहिलं आलं २०२३ साली, ती ७८ वर्षांची असताना. आईने हे ऐकून सुस्कारा सोडला. “माझ्या वेतनश्रेणीची थकबाकीसुद्धा याच्या आधी मिळाली.” पैकीच्या पैकी मिळतील असं वाटलं, पण साडेआठवर थांबली.

एकाच गाण्याला तिने सारांश मागितला नाही. ‘सायलेंट नाइट’. साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावात १८१८ च्या २४ डिसेंबरला जोसेफ मोर या तरुण धर्मगुरूने आपली कविता शेजारच्या गावातल्या फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तराला दिली, मास्तरने तिला चाल लावली आणि दोघांनी त्याच रात्री साध्या गिटारवर ती गायली. दुकान नाही, चित्रपट कंपनी नाही. १९१४ साली समोरासमोरच्या खंदकांतले जर्मन आणि ब्रिटिश सैनिक नाताळपुरते लढाई थांबवून जी गाणी गायले, त्यात हेही होतं. आईला ही चाल पाठ होती. नगरला त्यांच्या शेजारी मराठी ख्रिस्ती कुटुंब राहायचं. त्यांच्याकडे नाताळात पेटी-तबल्यावर भजनं व्हायची, त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं असायची आणि ही चालही असायची. दिवाळीला आमच्या आजीकडचं ताट तिकडे जाई, नाताळला तिकडचं इकडे येई. दोन्ही ताटांत करंज्या असत आणि कोणाच्या करंजीची मुरड अधिक नीट यावर दोन्ही घरच्या बायकांत वर्षानुवर्षं अबोल स्पर्धा चाले. “गुण?” नातीने विचारलं. “नऊ. दहा मी कोणालाच देत नाही. पण एक मास्तर तरी वेळेवर काम करणारा निघाला.”

या सगळ्या उत्तरपत्रिका समोर ठेवल्या की अजरामर सणगीताची कृती अगदी स्पष्ट दिसते. कवी सणाच्या गावाबाहेरचा हवा. ऋतू चुकीचा हवा. जी गोष्ट गाण्यात आहे ती हाताशी नसावी, आणि तिच्यावाचून जीव कासावीस झालेला असावा. आता बघा, या कसोट्यांना उतरणारे लोक आज जगात कोण आहेत? नोव्हेंबरच्या गारठ्यात, पैठणीखाली थर्मल आणि थर्मलखाली दुसरं थर्मल घालून, दिवाळी होऊन गेल्यावर सोयीच्या शनिवारी, भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात जे दिवाळी साजरी करतात ते. चकलीचा पहिला घाणा तळताच ज्यांच्या घरातला धुराचा भोंगा ओरडतो ते. अभ्यंगस्नानानंतर बाथटबला चिकटलेलं उटणं घासत ज्यांची पहाट जाते ते.

म्हणून इथल्या तमाम मराठी मंडळांतल्या कवींना माझं जाहीर आवाहन आहे. स्मरणिकेत ‘दीप उजळले’ छापाच्या कविता पाठवणं आता पुरे. बर्लिनपाशी संत्र्यांची झाडं होती, तुमच्यापाशी फावडं आहे. साहित्य भरपूर आहे. बर्फ उपसून आत या, गरम चहा घ्या आणि दिवाळीचं असं एक गाणं लिहा की पुढची पन्नास वर्षं ते दुकानादुकानांतून वाजेल. मुखड्यात मोती साबण आला की पुढचं रडायचं काम लोक आपलं आपण करतील.